युरोपचे स्वावलंबन कोणाच्या जिवावर?

२७ जुलै २०२५ रोजी स्कॉटलंडमधील टर्नबेरी येथे, अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रंप यांच्या खासगी मालकीच्या गोल्फ मैदानावर, युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायन यांनी एका व्यापारी समझोत्याला संमती दिली. युरोपातून अमेरिकेत जाणाऱ्या बहुतेक मालावर १५ टक्के जकात बसावी, अमेरिकी औद्योगिक मालावरील जकात मात्र युरोपने उठवावी, ७५० अब्ज डॉलरची ऊर्जा अमेरिकेकडून विकत घ्यावी आणि वर ६०० अब्ज डॉलरची युरोपीय गुंतवणूक अमेरिकेत व्हावी, असा त्याचा मथितार्थ होता. पंचेचाळीस कोटी लोकसंख्येचा, यंत्रविद्येत आणि शास्त्रात अग्रेसर असलेला हा संघ अशा अटी निमूटपणे का मान्य करतो? याचे उत्तर जकातीच्या कोष्टकात सापडणार नाही. युक्रेनच्या रणांगणावर लागणारी महत्त्वाची शस्त्रे अमेरिकेची, घरे उबदार ठेवणारा वायू वाढत्या प्रमाणात अमेरिकेचा आणि पैशाच्या देवघेवीपासून संगणकापर्यंतची यंत्रणाही बहुतांशी अमेरिकेचीच. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याला ओंजळीच्या धन्याशी भांडता येत नाही, हे ते उत्तर होय.

तेव्हापासून, आणि खरे तर त्याच्या आधीपासूनच, युरोपच्या राजधान्यांतून ‘स्वावलंबन’ हा शब्द दिवसरात्र घुमतो आहे. शब्द चांगला आहे. आपणा भारतीयांना तर तो फार जवळचा आहे. परंतु कोणत्याही मोठ्या शब्दाची परीक्षा त्यामागील हिशेबाने होत असते. स्वावलंबन कशाच्या बळावर, कोणत्या हेतूने आणि कोणाच्या खर्चाने, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय युरोपच्या नव्या घोषणेचे मोल ठरविता येणार नाही.

तीन टेकूंवर उभे घर

महायुद्धोत्तर युरोपची समृद्धी हळूहळू तीन टेकूंवर उभी राहिली. संरक्षण अमेरिकेने करावे, स्वस्त इंधन पूर्वेकडून यावे आणि बाजारपेठ साऱ्या जगाने, विशेषतः अलीकडे चीनने, पुरवावी, अशी ती व्यवस्था होती.

यांपैकी पहिला टेकू युरोपने डोळे उघडे ठेवून स्वीकारला. १९४९ साली नाटो करार झाला. १९५२ मध्ये पश्चिम युरोपातील सहा राष्ट्रांनी सामाईक सैन्य उभारण्याच्या करारावर सह्या केल्या. पण ऑगस्ट १९५४ मध्ये फ्रान्सच्याच संसदेने ती योजना मोडीत काढली. दोनच वर्षांनी सुएझचे प्रकरण उद्भवले. ब्रिटन व फ्रान्स यांनी इजिप्तवर चाल केली, अमेरिकेने पौंडाची कोंडी केली आणि दोघांनाही माघार घ्यावी लागली. वसाहतवादी साहसाचा तो पराभव आपल्याला स्वागतार्हच वाटला होता. परंतु या एकाच प्रसंगातून दोन राजधान्यांनी दोन निरनिराळे धडे घेतले. यापुढे अमेरिकेची साथ सोडायची नाही, असे लंडनने ठरविले. तर अमेरिकेवर विसंबायचे नाही, असे पॅरिसने. १९६० साली फ्रान्सने अण्वस्त्राची चाचणी केली, तीही स्वतःच्या भूमीवर नव्हे तर अल्जीरियाच्या वाळवंटात, आणि १९६६ मध्ये द गॉल यांनी नाटोच्या एकत्रित लष्करी यंत्रणेतून फ्रान्सला बाहेर काढले. बाकीच्या युरोपने मात्र अमेरिकी छत्राखाली राहणेच पसंत केले. त्यात सोय होती आणि बचतही होती.

दुसरा टेकू वायूचा. फेब्रुवारी १९७० मध्ये पश्चिम जर्मनीने सोव्हिएत संघाशी करार केला. जर्मन पोलादी नळ जर्मन बँकांच्या कर्जावर पूर्वेकडे जायचे आणि त्याच्या बदल्यात सैबेरियाचा वायू पश्चिमेकडे यायचा. विली ब्रांट यांच्या पूर्वाभिमुख धोरणाचा तो एक भाग होता आणि त्या काळात त्याने तणाव कमी केला, हे नाकारण्याचे कारण नाही. १९८२ साली रेगन यांनी या वायुवाहिनीवर निर्बंध लादले, तेव्हा मार्गारेट थॅचर यांच्यासारख्या त्यांच्या मित्रांनीही विरोध केला आणि रेगन यांना नमते घ्यावे लागले. दोष शेजाऱ्याशी व्यापार करण्यात नव्हता. सर्व धान्य एकाच कणगीत भरण्यात तो होता, आणि कणगीला कीड लागल्याचे दिसत असूनही भरत राहण्यात होता. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया गिळंकृत केला; त्यानंतर पुढच्याच वर्षी बाल्टिक समुद्रातून दुसरी नॉर्ड स्ट्रीम वाहिनी टाकण्याचा करार झाला. २०२१ पर्यंत युरोपीय संघाच्या वायू-आयातीपैकी सुमारे ४५ टक्के वाटा रशियाचा होता. स्वस्त वायूचा नफा रसायन-उद्योगाने खाल्ला आणि धोका मात्र सामान्य ग्राहकाच्या माथी राहिला. यात समाजवादी म्हणविणारेही मागे नव्हते. जर्मनीचे सोशल डेमोक्रॅट चॅन्सेलर गेरहार्ड श्रोडर सत्तेवरून पायउतार होताच त्याच वायुवाहिनीच्या कंपनीत मानाच्या जागेवर जाऊन बसले, ही गोष्ट आपल्या पंथातील प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि दुसरा टेकू निखळला. जानेवारी २०२५ मध्ये ट्रंप यांनी ग्रीनलंडच्या बाबतीत बळाचा वापर करणार नाही, असे आश्वासन देण्यास नकार दिला. ज्या डेन्मार्कच्या संरक्षणाची हमी नाटोने घेतली आहे, त्याच डेन्मार्कच्या भूमीविषयी हे चालले होते. पहिला टेकूही असा डळमळला. तिसऱ्याची कथा त्याच वर्षाच्या अखेरीस उघड झाली. हॉलंडच्या सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये नेक्सपेरिया या चिनी मालकीच्या अर्धवाहक कंपनीचा कारभार आपल्या देखरेखीखाली घेताच चीनने तिच्या मालाची निर्यात रोखली. काही पैशांच्या सुट्या भागांवाचून युरोपातील मोटारींचे कारखाने अडचणीत आले आणि नोव्हेंबरात हॉलंडला आपला हुकूम स्थगित करावा लागला.

धनी बदलला, ओंजळ तीच

आता स्वावलंबनाच्या नावाखाली काय चालले आहे ते पाहू. रशियाचा वायू कमी झाला, हे खरे. परंतु त्याची जागा मोठ्या प्रमाणावर जहाजांतून येणाऱ्या अमेरिकी द्रवरूप वायूने घेतली. २०२४ साली युरोपीय संघात आलेल्या द्रवरूप वायूपैकी जवळजवळ निम्मा अमेरिकेचा होता, आणि टर्नबेरीच्या समझोत्याप्रमाणे तो आणखी वाढायचा आहे. शस्त्रांची तीच गत. स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेच्या आकडेवारीप्रमाणे २०२० ते २०२४ या काळात नाटोतील युरोपीय राष्ट्रांनी आयात केलेल्या शस्त्रांपैकी ६४ टक्के अमेरिकेकडून आली. त्याआधीच्या पाच वर्षांत हे प्रमाण ५२ टक्के होते. स्वावलंबनाची चर्चा जसजशी वाढली, तसतसे परावलंबनही वाढले.

अशा शस्त्रांचा उपयोग धन्याच्या मर्जीवर असतो. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने युक्रेनची लष्करी मदत आणि त्याला पुरविली जाणारी गुप्त माहिती सुमारे आठवडाभर रोखून धरली. तेवढ्या अवधीत सारा युरोप हवालदिल झाला. कारण तोफ हाती असली तरी नेम कोठे धरावा, हे सांगणारे उपग्रह दुसऱ्याचे होते.

पैशाच्या यंत्रणेचा दाखला याहूनही बोधप्रद आहे. मे २०१८ मध्ये अमेरिका इराणबरोबरच्या अणुकरारातून बाहेर पडली. हा करार टिकावा, अशी युरोपची मनापासून इच्छा होती. त्यासाठी जानेवारी २०१९ मध्ये फ्रान्स, जर्मनी व ब्रिटन यांनी डॉलरला वळसा घालून इराणशी व्यापार करण्यासाठी ‘इन्स्टेक्स’ नावाची संस्था काढली. परंतु फ्रान्सची तोताल ही तेलकंपनी त्याआधीच इराणमधून बाहेर पडली होती. अमेरिकी बाजारपेठ गमावण्याची कोणत्याही मोठ्या कंपनीची तयारी नव्हती. या संस्थेमार्फत पहिला व्यवहार व्हायला मार्च २०२० उजाडला आणि २०२३ मध्ये ती गुंडाळली गेली. तीन बलाढ्य सरकारांचे परराष्ट्र धोरण त्यांच्याच देशांतील खासगी भांडवलाने निष्फळ ठरविले. सरकारची इच्छा एकीकडे आणि भांडवलाची ओढ दुसरीकडे असेल तर स्वावलंबनाचा ठराव हा निव्वळ ठरावच राहतो, हा यातील बोध आहे.

खर्च कोणाचा?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रशियाचा धोका हा कोणा शस्त्र-व्यापाऱ्याच्या कल्पनेतून निघालेला नाही. युक्रेनवरील आक्रमण ही उघड दंडेली आहे, आणि रशियाशी सुमारे १,३४० किलोमीटरची सीमा असलेल्या फिनलंडने दशकानुदशकांची तटस्थता सोडून एप्रिल २०२३ मध्ये नाटोत जावे, हे काही हौसेने घडलेले नाही. शांततेच्या नावाखाली आक्रमिताला वाऱ्यावर सोडणे हा समाजवाद नव्हे. संरक्षणासाठी खर्च करावा लागेल, हे मान्य. वाद आहे तो या खर्चाच्या मापाविषयी, पद्धतीविषयी आणि त्याच्या वाटणीविषयी.

मापाचा विचार करू. जून २०२५ मध्ये हेग येथे नाटोच्या राष्ट्रांनी २०३५ पर्यंत सकल उत्पादनाच्या ५ टक्के, म्हणजे साडेतीन टक्के सैन्यावर व दीड टक्का संबंधित सोयींवर, खर्च करण्याचे मान्य केले. स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी तेवढा खर्च करण्यास नकार देण्याचे धैर्य दाखविले. वस्तुतः युरोपीय संघाच्या सदस्य राष्ट्रांचा २०२४ मधील संरक्षण-खर्च ३४३ अब्ज युरो होता, तर रशियाचा खर्च सुमारे १४९ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज आहे. रशियात वेतन व किमती कमी असल्याने ही तुलना सरळ करता येत नाही, हे अर्थशास्त्राचा विद्यार्थी लगेच सांगेल. तरीही प्रश्न उरतोच. एवढा पैसा जातो कोठे? तो सत्तावीस अंदाजपत्रकांत, सत्तावीस खरेदी-खात्यांत आणि निरनिराळ्या मापांच्या शस्त्रांत विखुरतो. मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने युक्रेनला वर्षभरात दहा लाख तोफगोळे देण्याचा शब्द दिला. मार्च २०२४ पर्यंत त्यांपैकी निम्मेच पोहोचले. वचन देण्यापुरता पैसा होता. ते पाळण्यासाठी लागणारे कारखाने नव्हते.

आता वाटणी. मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने ८०० अब्ज युरोंची शस्त्रसज्जता-योजना मांडली. त्यांपैकी १५० अब्ज सामाईक कर्जातून यायचे. उरलेले ६५० अब्ज प्रत्येक राष्ट्राने स्वतः उभे करायचे आणि त्यासाठी तुटीचे नियम सैल करायचे. हे तेच नियम आहेत, ज्यांच्या पावित्र्यासाठी ग्रीसला २०१० पासून सूळावर चढविण्यात आले. तेथे निवृत्तिवेतने पुनःपुन्हा छाटली गेली, रुग्णालयांचे पैसे कापले गेले, २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांच्या वर गेली. ५ जुलै २०१५ च्या सार्वमतात ६१ टक्के मतदारांनी या अटी धुडकावल्या. पण तेव्हा बँकांतून दिवसाला ६० युरोंपेक्षा अधिक रक्कम काढता येत नव्हती, आणि त्या कोंडीत पुढच्याच महिन्यात सरकारला नव्या अटींवर सही करावी लागली. औषधासाठी जो नियम वाकला नाही, तो तोफेसाठी वाकला. जर्मनीने २००९ मध्ये घटनेत घातलेला कर्जबंदीचा नियम सोळा वर्षे शाळा, रेल्वे आणि पूल यांच्या आड येत राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये ड्रेस्डेनचा कॅरोला पूल एल्ब नदीत कोसळला, तेव्हाही तो हलला नाही. मार्च २०२५ मध्ये मात्र काही आठवड्यांत घटना-दुरुस्ती झाली. पायाभूत सोयींसाठी ५०० अब्ज युरोंचा निधीही याच निमित्ताने मंजूर झाला, ही समाधानाची गोष्ट. परंतु त्या निधीला मर्यादा आहे, शस्त्रांवरील कर्जाला ती ठेवलेली नाही.

बाकीच्या राष्ट्रांचे दाखले याच जातीचे आहेत. १६८६ पासून चालत आलेली महाप्रार्थना-दिनाची सार्वजनिक सुटी डेन्मार्कच्या सरकारने २०२३ मध्ये संरक्षण-खर्चासाठी रद्द केली. कामगार संघटनांनी कोपनहेगनमध्ये मोठा मोर्चा काढला, तरी कायदा संमत झाला. ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये गरीब राष्ट्रांना द्यावयाची मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले आणि तो पैसा सैन्याकडे वळविला. फ्रान्समध्ये दोन सार्वजनिक सुट्ट्या रद्द करण्याचा प्रस्ताव मांडणारे बायरू सरकार सप्टेंबर २०२५ मध्ये कोसळले. श्रमिकाने एक दिवस फुकट राबावे, आफ्रिकेतल्या बालकाच्या लशीचे पैसे कापावेत. परंतु शस्त्रकंपन्यांच्या नफ्यावर जादा कर बसवावा, ही सूचना सत्तेच्या दालनांत क्वचितच ऐकू येते. याचे राजकीय फळही समोर आहे. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत जर्मनीतील अतिउजव्या पक्षाला २०.८ टक्के मते पडली. ज्या कल्याणकारी लोकशाहीचे रक्षण करायचे तिलाच पोखरून उभारलेली तटबंदी शत्रू बाहेरून येण्यापूर्वी आतून ढासळते.

जे करता येते, ते केलेही आहे

मग युरोपला मार्गच नाही काय? आहे, आणि तो त्याच्याच इतिहासात आहे. १९७० साली फ्रान्स व जर्मनी यांनी मिळून एअरबसची स्थापना केली, तेव्हा विमान-उद्योगावर अमेरिकेचे निर्विवाद वर्चस्व होते. पहिले विमान १९७२ मध्ये उडाले. पण कित्येक वर्षे गिऱ्हाईक फिरकेना. खासगी भांडवलाने हा धंदा केव्हाच बंद केला असता. सरकारांनी मात्र धीर धरला, सार्वजनिक पैसा घातला आणि तुलूझ व हॅम्बुर्ग येथील कारखाने, त्यांतील कुशल कामगार व अभियंते टिकवून धरले. २०१९ पासून ही कंपनी विमाने पुरविण्यात बोइंगच्या पुढे आहे. गॅलिलिओ ही उपग्रह-यंत्रणाही अशीच सामाईक सार्वजनिक खर्चातून उभी राहिली. आणि २०२० साली महामारीच्या वेळी युरोपीय संघाने प्रथमच ७५० अब्ज युरोंचे सामाईक कर्ज उभारण्याचे ठरविले, तेव्हा आकाश कोसळले नाही. जेथे युरोप स्वावलंबी झाला, तेथे तो नियोजनाने, सार्वजनिक भांडवलाने आणि दीर्घ धीराने झाला.

पैशाची वानवा असल्याचे सांगितले जाते, तेही खरे नाही. एन्रिको लेत्ता यांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे युरोपीय कुटुंबांची सुमारे ३०० अब्ज युरोंची बचत दरवर्षी युरोपबाहेर, मुख्यतः अमेरिकेत, जाते. त्याच वर्षीच्या मारिओ द्रागी यांच्या अहवालाने युरोपला दरवर्षी ७५० ते ८०० अब्ज युरोंची अधिक गुंतवणूक हवी, असे सांगितले. म्हणजे घरातील दाणे शेजारच्या कोठारात आणि घरी उपासमारीची चर्चा! ही बचत सार्वजनिक बँकांमार्फत वीजवाहिन्या, रेल्वे, घरे, पवन व सौर ऊर्जा आणि आवश्यक तेवढे सामाईक संरक्षण यांकडे वळविणे, हे युरोपच्या स्वावलंबनाचे मर्म आहे. विशेषतः ऊर्जेच्या बाबतीत जो वारा उत्तर समुद्रावर वाहतो आणि जे ऊन स्पेनवर पडते, त्यांची नळी बंद करणे ना मॉस्कोच्या हाती आहे ना वॉशिंग्टनच्या.

आल्तिएरो स्पिनेल्ली व एर्नेस्तो रोस्सी यांनी १९४१ मध्ये मुसोलिनीच्या कैदेत, व्हेन्तोतेने बेटावर, स्वतंत्र व संयुक्त युरोपचा जाहीरनामा लिहिला, तेव्हा हे ऐक्य समाजवादी पायावर उभे राहिले पाहिजे, असे त्यांनी बजावले होते. मार्च २०२५ मध्ये, शस्त्रसज्जतेची चर्चा ऐन भरात असताना, इटलीच्या पंतप्रधान जॉर्जिया मेलोनी यांनी संसदेत त्याच जाहीरनाम्यावर टीका करून हा आपला युरोप नव्हे, असे सांगितले. खरा वाद कोठे आहे, हे त्यांनी नकळत दाखवून दिले.

आपला संबंध

या साऱ्याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. परावलंबनाची चव आपण घेतलेली आहे. १९५६ च्या पी. एल. ४८० करारान्वये आलेला अमेरिकी गहू आणि रेशनच्या दुकानातील तांबडी मिलो आमच्या पिढीच्या जिभेवर आहे. १९६५ व १९६६ च्या दुष्काळांत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी धान्याची जहाजे हात आखडून सोडली. व्हिएतनामवरील आपल्या मतांची ती किंमत होती. भिकेच्या भाकरीबरोबर मौनही गिळावे लागते, हे आपण तेव्हा शिकलो. ब्रसेल्सला तो धडा आज मिळतो आहे.

परंतु स्वावलंबनाचा भार दुसऱ्या दुर्बलावर टाकणेही तितकेच अन्यायाचे. नायजरच्या आर्लित येथील युरेनियम दशकानुदशके फ्रान्सच्या अणुवीज-केंद्रांकडे गेले, आणि खुद्द नायजर अंधारात राहिले. जून २०२५ मध्ये तेथील राज्यकर्त्यांनी ती खाण राष्ट्रीयीकृत केली. सर्बियाच्या यादर खोऱ्यातील शेतकरी युरोपच्या मोटारींसाठी लागणाऱ्या लिथियमच्या खाणीला विरोध करीत रस्त्यावर उतरले. १ जानेवारी २०२६ पासून पूर्णपणे अंमलात आलेला कार्बन सीमाकर आपल्या पोलादावर पडतो. हवामानाचे रक्षण आवश्यक आहे; पण शतकभर धूर ओकून श्रीमंत झालेल्यांनी उशिरा औद्योगिक झालेल्यांकडून कर घ्यावा आणि तो स्वतःच्या तिजोरीत ठेवावा, हे न्यायाला धरून नाही. रशियाचे तेल भारतात शुद्ध होऊन डिझेलच्या रूपाने युरोपात जात असता युरोपने तीन वर्षे ते सोयीने वापरले आणि मग जुलै २०२५ मध्ये त्यावर बंदी ठरविली, हेही विसरता येणार नाही.

सारांश, युरोपने कोणाही महासत्तेच्या दावणीला न बांधता आपल्या पायांवर उभे राहावे, हे जगाच्या हिताचे आहे. दोन बलाढ्यांच्या कुस्तीत चिरडल्या जाणाऱ्या राष्ट्रांना त्यामुळे श्वास घ्यायला जागा मिळेल. परंतु धनी बदलल्याने आणि तोफा वाढविल्याने ते घडणार नाही. आपल्या लोकांची बचत, श्रम आणि ज्ञान कोठे लावायचे, याचा निर्णय लोकांच्या हाती आणण्याची तयारी ज्या दिवशी युरोप दाखवील, त्या दिवशी त्याचे स्वावलंबन सुरू होईल. तो निर्णय ब्रसेल्सच्या दालनांत आपोआप होणार नाही. तो तेथील कामगार संघटनांना, शेतकऱ्यांना आणि मतदारांना खेचून आणावा लागेल. त्यांच्या या झगड्यात आपली सहानुभूती त्यांच्या बाजूने आहे. कारण भांडवलाची मर्जी आणि जनतेची गरज यांतील हा झगडा आपल्याही दारात उभा आहे.